मुकादमाची तब्येत

२ मार्च

प्रिय धाकटे,

तुझा लाडोबा एकदाचा पोचला. तुझ्या दादाने त्याला आणला म्हणण्यापेक्षा त्यानेच तुझ्या दादाला बस थांब्यापासून घरापर्यंत फरफटत आणला. मला कुत्र्यांची भीती वाटते हे तुला माझ्या लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. तरी वर्षभरासाठी हे ध्यान माझ्या गळ्यात बांधून तू डोंगरावर वारा मोजायला निघून गेलीस. नणंद शोभतेस.

पहिले दोन दिवस मी शिलाई मशीनच्या मागून उठलेच नाही. शाळेच्या गणवेशांचं काम डोक्यावर आहे, त्यामुळे निमित्तही बरं होतं. तो दारात बसून माझ्याकडे बघायचा आणि मोठा सुस्कारा सोडायचा, जणू शिवण वाकडी जातेय. मग दादाच्या शेडमध्ये जाऊन दुरुस्तीला आलेली प्रत्येक खुर्ची हुंगायचा. म्हणून दादाने त्याचं नाव मुकादम ठेवलंय. तू ठेवलेलं गोडगोड नाव इथे कुणी घेत नाही, राग मानू नकोस.

संध्याकाळी दादा ओट्यावर आपल्या जुन्या आरामखुर्चीत चहा घेत बसतो, तेव्हा हा तिच्या खाली अंग मुडपून झोपतो. दादाचा एक हात खाली लोंबत असतो. तेवढा वेळ घरात अगदी शांत वाटतं.

तू सांगितलेलं सगळं मी पाठ केलंय. त्याच्या डब्यातलंच खाणं द्यायचं, आपलं काही द्यायचं नाही. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली आणि तोंड सुजलं, तर ती औषधाची नळी मांडीवर घट्ट दाबायची, आतली सुई आपोआप टोचते, आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावायचं. सूज नसेल तर उगाच टोचायचं नाही. नळी मशीनच्या खणात ठेवलीय. खण उघडताना मी दुसरीकडे बघते, पण ठेवलीय.

तुझी वहिनी


१० मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग रडले. इथे आम्ही चार माणसं, एक चूल आणि दिवसरात्र घोंघावणारा वारा. झाड नाही, पाखरू नाही. फोन नाही, वायरलेस आहे तो हवामानाच्या आकड्यांसाठी. टपालाची जीप आठवड्यातून एकदा येते, तिच्या आवाजाला मी कान लावून असते.

माझ्या पोराचा मुकादम केलात, हरकत नाही. त्याला शोभतं.

नळीचं पुन्हा सांगते, कारण तू घाबरट आहेस आणि तो शिंकला तरी टोचशील. गेल्या वर्षी बागेत त्याला मधमाशी चावली तेव्हा बघता बघता त्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं, डोळे मिटून गेले होते. ओळखू न येण्याचा प्रश्नच नाही. असं झालं तरच नळी. ते जोरदार औषध आहे, हृदयावर जातं. बाकी वेळी तो घोड्यासारखा धट्टाकट्टा आहे.

आणि दादाला सांग, बिस्किटं नाहीत. मी त्याला लहानपणापासून ओळखते. स्वतःच्या ताटातलं मांजराला घालून आईला ‘मीच खाल्लं’ म्हणायचा.

धाकटी


१९ मार्च

प्रिय धाकटे,

सगळं ठीक आहे. मुकादम मजेत आहे. काल तर गणवेशांचा गठ्ठा पोचवायला मी त्याला बरोबर नेलं, दोरी माझ्या हातात. शाळेचा शिपाई म्हणाला, बाई, तुम्ही त्याला नेताय की तो तुम्हाला? म्हटलं, तूच ठरव. रात्री तो आता माझ्या पायाशी झोपतो. मी पाय हलवत नाही. भीतीने नाही, त्याची झोप मोडेल म्हणून.

मधे दोनदा त्याचं पोट बिघडलं होतं, पण आता बरा आहे. दोन्ही वेळा संध्याकाळीच, ओट्यावर. एकदम दचकून उठला, मागची तंगडी चाटत सुटला आणि थोड्या वेळात भडाभडा उलट्या. मग जुलाब. मग भिंतीला टेकून बसला तो उठेचना. पहिल्या वेळी लवकर सावरला. दुसऱ्या वेळी मात्र माझं धाबं दणाणलं. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक, अस्तराच्या कापडासारख्या. पाय गार. हाक मारली तर माझ्याकडे बघितलंही नाही, माझ्या पलीकडे कुठेतरी बघत होता.

नळी काढली होती मी. हातात धरून बसले होते. दादा म्हणाला, तोंड बघ त्याचं, कुठे सुजलंय? मी डोळे, ओठ, कान सगळं चाचपून पाहिलं. नव्हतं सुजलं. तू बजावलं होतंस, म्हणून परत ठेवली. पुष्कळ वेळाने तो उठला, पाणी प्यायला, शेपटी हलवली. तेव्हा कुठे आम्ही दोघं जेवलो.

काय खाल्लं होतं कोण जाणे. रस्त्यावरचं काहीतरी असेल. तू काळजी करू नकोस.

तुझी वहिनी


२७ मार्च

वहिनी,

आधी ही ओळ वाच, बाकीचं मग: <u>पुन्हा असं झालं तर सूज शोधत बसू नकोस. लगेच नळी दाब.</u>

आता सांगते. काल आमची तब्येत तपासायला डॉक्टर वर आले होते, माणसांचेच. जेवताना मी सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवत होते, शिपायाचा विनोद सांगायला म्हणून. पुढचं पोट बिघडल्याचंही वाचलं. डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, हिरड्यांचं परत वाचा. मी वाचलं. मग म्हणाले, तंगडी चाटण्याचं परत वाचा.

त्यांचा स्वतःचा कुत्रा असाच गेला, वहिनी. कुत्र्यांमध्ये मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखाचा सगळा मार पोटावर आणि यकृतावर बसू शकतो म्हणे. तोंडावर सूज येतेच असं नाही. उलट्या, जुलाब, पांढऱ्या हिरड्या आणि मग आतल्या आत रक्तदाब उतरत जातो. त्यांनीही पोट बिघडलंय समजून त्याला उपाशी ठेवला होता. सकाळी तो उठला नाही. पुढचा डंख आधीच्यापेक्षा जड जाऊ शकतो असंही ते म्हणाले.

म्हणजे मुकादमाला दोनदा काहीतरी चावलंय आणि जे चावतंय ते तुमच्या घरात आहे. आणि मी तुला सूज बघायला सांगून ठेवलंय. मला जे एकदा दिसलं तेच मी कायमचं खरं धरून चालले.

वायरलेसवरून एक ओळ पाठवू द्या म्हणून साहेबांच्या हातापाया पडले. ते हो म्हणाले, पण काल रात्रीच्या वादळात खांब आडवा झालाय. रस्त्यावर दरड कोसळलीय, जीप खालीच अडकली आहे. उद्या एक जण पायी उतरणार आहे, त्याच्याजवळ हे देते. तुझ्या हातात कधी पडेल माहीत नाही. तोपर्यंत रोज संध्याकाळ होणार, दादा रोज ओट्यावर बसणार. मी इथे वाऱ्याचे आकडे लिहिते आणि लिहिलेलं मलाच वाचता येत नाही.

धाकटी


२९ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आलं नाही, तरी लिहिते. बसवत नाही म्हणून लिहिते.

तो जिवंत आहे. डॉक्टरीणबाईंकडे आहे, त्याच्या पायाला सलाईन लावलंय. आज रात्र ठेवून घेतलाय, कारण उतरलेला त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणाल्या.

काल संध्याकाळी मी आत काजं करत होते. ओट्यावर मुकादम एकदाच केकाटला. बाहेर येईपर्यंत तो तंगडी चाटत होता. दादा चहाचा कप धरून उभा होता आणि त्याचा चेहरा कोणी पुसून टाकावा तसा झाला होता. लगेच उलटी. पुन्हा उलटी. ह्या वेळी भिंतीपर्यंतही गेला नाही, होता तिथेच कोसळला.

आता एक सांगते, त्यावर काय ओरडायचं ते ओरड. मागच्या दोन्ही वेळा तो पोटाने आजारी पडला तेव्हा दादाने त्याला चहात बुडवलेलं बिस्किट दिलं होतं. रोजच देत होता. मला माहीत होतं. तू चिडशील म्हणून रस्त्याचं नाव पुढे केलं. आम्हाला दोघांनाही खात्री होती की बिस्किटच बाधलं. दुसऱ्या वेळेनंतर दादाने माझ्या गळ्याची शप्पथ घेऊन बिस्किट बंद केलं होतं.

त्यामुळे काल मी त्याला एकच विचारलं, “दिलंत?” तो म्हणाला, “नाही गं, आईशपथ नाही.”

तो खोटं बोलत नव्हता, ते मला कळतं. आणि बिस्किट नव्हतं तर मग हे पोट नव्हतंच, कधीच नव्हतं. पुढचं मला नीट आठवत नाही. तोंडावर सूज नव्हती एवढं पाहिलं. तुझे शब्दही आठवले. तरी नळी काढली आणि त्याच्या मांडीवर दाबून धरली. खट् असा आवाज झाला. मी सुयांवर पोट भरणारी बाई, पण ह्या सुईसाठी दादाला माझी मनगटं धरून ठेवावी लागली. मुकादम हललासुद्धा नाही. ते मला फार लागलं. टोचल्यावर निदान ओरडायला हवं होतं त्याने.

शेजारच्या दूधवाल्याच्या टेम्पोत टाकून नेला. वाटेत त्याच्या छातीवर हात ठेवून होते. कधी ठोका लागायचा, कधी माझाच लागायचा. दारात पोचलो तेव्हा त्याने डोळा फिरवून माझ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, हा डंखच आहे, आधी नळी दिलीत म्हणून जिवंत आणता आला.

परत येऊन दादाने आपली आरामखुर्ची उलटी केली. बैठकीखालचं कापड एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं, मुठीएवढं. मुकादम रोज त्याच्या खाली झोपत होता. गावभरच्या लोकांच्या खुर्च्या उलट्या करून बघणारा माणूस, स्वतःची कधी उलटी केली नव्हती. तो ओट्यावरच खाली बसला आणि रडला. मी त्याला ह्या घरात रडताना पहिल्यांदा पाहिलं.

तुझी वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

रस्ता आज मोकळा झाला आणि तुझं पत्र मिळालं. ‘तो जिवंत आहे’ एवढं वाचून मी बाहेर जाऊन दगडावर बसले. बाकीचं तासाभराने वाचलं. माझं आधीचं पत्र आता तुला मिळालं असेल. त्यात मी जे ओरडून सांगितलंय ते तू ते मिळायच्या आधीच केलंस. तू माझं ऐकलं असतंस तर काय झालं असतं ह्याचा विचार मी करत नाही, पण तो येतो.

बिस्किटांसाठी दादाला काही म्हणू नकोस. मीही म्हणत नाही.

आता काम. साहेबांशी बोलले. नियमात कुत्रा बसत नाही, पण ते म्हणाले, नियम करणारे इथे वर येत नाहीत. इतक्या उंचीवर गांधीलमाशी टिकत नाही, मधमाशी नाही, साधी माशीसुद्धा क्वचित दिसते. त्याच्यासाठी ह्याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही. महिनाअखेरीला जीपने खाली येते आणि त्याला घेऊन जाते. डॉक्टरीणबाईंना एकदा विचार, त्यांचं काय म्हणणं पडतं.

धाकटी


१८ एप्रिल

प्रिय धाकटे,

अक्षर वाकडं आलंय, अंगठ्याला कात्री लागलीय थोडी. काळजीचं काही नाही.

एवढ्या लांब येण्याची तसदी घेऊ नकोस. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आता काही धोका नाही, पोळं गेलं तेव्हा कारण गेलं. तो अगदी पूर्वीसारखा आहे. सकाळी माझ्याआधी उठतो, गणवेशाच्या गठ्ठ्यावर चढून बसतो आणि उतर म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतो. तुझ्या त्या डोंगरावर तो गारठून जाईल. तू दिवसभर कामात, त्याच्याशी बोलणार कोण?

घरात सगळं छान चाललंय. तुझं वर्ष झालं की बघू.

तुझी वहिनी


१९ एप्रिल

धाकटे,

मुकादम जिवंत आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझं काय झालं असेल ते मला कळतं, म्हणून हे आधी लिहिलं. मी आयुष्यात तुला पत्र लिहिलं नाही, तेव्हा कसं लिहायचं ते माहीत नाही. झालं ते सांगतो.

वहिनीने काल तुला लिहिलं ते खरं नाही. डॉक्टरीणबाई असं म्हणाल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, ह्या हवेत गांधीलमाश्या जागोजागी आहेत. आणखी एक डंख तो सोसेल की नाही सांगता येत नाही, आणि नळी दर वेळी वेळेवर पोचेल असंही नाही. वर नेता येत असेल तर न्या. वहिनी समोरच होती.

तिने घराच्या सगळ्या खिडक्या खिळे मारून बंद करून घेतल्यात. मीच मारले, ती मागे उभी राहिली. उकाड्याने जीव जातो पण पंखा लावू देत नाही, पंख्याच्या आवाजात माशीचा आवाज ऐकू येणार नाही म्हणते. मशीनही तेवढ्यासाठीच बंद. शाळेचं काम तिने परत पाठवलं. मुकादम दारापाशी जाऊन उभा राहिला की ती ओरडते. तो आता जातच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो.

तिच्या अंगठ्याला कात्री लागलेली नाही. मंगळवारी त्याने कुठलंसं गवत खाल्लं आणि ओकला, नुसतं गवत. तिने बाईंनी दिलेली नवी नळी काढली आणि घाईत उलटी धरली. सुई तिच्या अंगठ्यात घुसली. अंगठा पांढराफटक आणि बर्फासारखा झाला, तिला छातीत धडधडायला लागलं, मी तिला दवाखान्यात नेली. वाटेत ती एकच म्हणत होती, “आता नळी नाही घरात. आता नळी नाही.” दुसरी मिळेपर्यंत दोन दिवस गेले. ते दोन दिवस आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसून काढले, हातात घडी केलेली वर्तमानपत्रं घेऊन. एक माशी आली होती, साधी. तिने ती मारली आणि मग बराच वेळ तिचे दात वाजत होते.

तिला त्याचा लळा लागलाय हे तू ओळखलं असशील. तो आला तेव्हा मशीनमागे लपणारी बाई आता त्याच्यासाठी खोटं लिहिते. पण मी एकदा बिस्किटं लपवली, तिने ती झाकली, आणि त्या झाकण्यात तो मरता मरता वाचला. पुन्हा नाही.

तू ये आणि त्याला ने. ती घरात असतानाच ये. दोरी तिनेच तुझ्या हातात दिली पाहिजे, नाहीतर मी तिच्या पाठीमागे केलं असं होईल. मी हे लिहिलंय हे तिला आज सांगणार आहे. ती बरेच दिवस माझ्याशी बोलणार नाही.

दादा


६ मे

धाकटे,

दोरी तुझ्या हातात दिल्यावर जीप वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते हे तुला दिसलं की नाही माहीत नाही. त्याने मागे वळून पाहिलं नाही. बरंच झालं.

तुम्ही गेल्यावरही दादाशी मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी त्याने न सांगता एका खिडकीचे खिळे काढले आणि वारा आत आला, तेव्हा मी त्याला चहा दिला. शाळेचं काम परत मागून घेतलंय. मशीन सुरू केलं की अजून मधेच पाय थांबतो आणि मी कान देऊन ऐकते. काही नसतं.

तो वर सुरक्षित आहे हे मला कळतं. गांधीलमाशी तिथे नाही, हेही तू तीनदा सांगितलंस. तरी संध्याकाळ झाली की मी ओट्यावर जाऊन खुर्चीखाली बघते, आणि ते कशाने थांबणार मला ठाऊक नाही. तू मला दर जीपने पत्र पाठव. पण एक ऐक. ‘सगळं ठीक आहे’ असं मला लिहू नकोस. ते मी तुला लिहिलं होतं आणि तेव्हा तो माझ्यासमोर मरत होता. तो जेवला नाही तर जेवला नाही असं लिही. ओकला तर ओकला लिही. दारापाशी जाऊन खाली रस्त्याकडे बघत बसला, तर तेही लिही. मी रडेन, पण मला खरं कळेल.

तुझी वहिनी